मोटारी दोन, हीर एकच

परवा दुपारी बेंगळुरूच्या ऑफिसात डबा उघडला आणि आईचा फोन आला... बरं झालं आला.

थोडं मागचं सांगतो. दहावीतच शाळा सुटली. मग गावाजवळ चुडाव्याला मोबाईल दुरुस्ती, मग इकडं येऊन केबल ओढायचं काम. कोडिंग फोनवर बघून बघून शिकलो. एका जागी बसणं माझ्या अंगात नाही, तरी या ऑफिसच्या मॅडमनी सहा महिने ट्रायलवर घेतलं. ट्रायल संपायला चार दिवस राहिले आणि माझ्याच कोडमध्ये बग, म्हणजे घोळ, निघाला.

आमचं मशीन नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, म्हणजे पत्ता लावलेला डेटाचा तुकडा, पुढं पाठवतं आणि त्याची एक कॉपी नोंदीसाठी ठेवतं. नोंदीत कुणाचा पत्ता दिसू नये म्हणून त्या कॉपीतला पत्ता मी पुसायचो. फक्त कॉपीतला, बरं का! पण मधूनच काही पॅकेटं पोचायचीच नाहीत... बाकीची झकास जायची.

तीन दिवस केबल बदलल्या, पोर्ट बदलले, खुर्चीसुद्धा बदलली. मॅडम म्हणाल्या, "खुर्चीत बग नसतो रे बाबा, जरा बूड टेकव." सगळे हसले. मला मात्र बॅग आणि गावाकडची गाडी दिसायला लागली.

तेवढ्यात हा फोन. "आरं, तुज्या काकानं सवताच्या पाण्यासाठी म्हणून हिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. कुणाला इचारलं न्हाई. सकाळपासून आमच्या बी नळाला लय वास यायलाय."

विहीर आमची नि काकाची सामाईक. मोटारी दोन, पाईप दोन, म्हणून काका 'माझं पाणी' म्हणतो आणि आम्ही 'आमचं'. मी म्हणालो, "अगं, मोटारी दोन असल्या तरी हीर एकच हाय ना..."

आणि घास हातातच राहिला.

मी पॅकेटची कॉपी केलीच नव्हती. त्याच हिरीवर दुसरी मोटार बसवली होती फक्त! नावं दोन, आतला डेटा एकाच जागी. पॅकेट आधी निघालं तर नीट पोचायचं. नोंद ठेवणाऱ्या कोडनं आधी पत्ता पुसला, की पाठवायच्या पॅकेटचाही पत्ता गायब.

मग मेमरीत नवी जागा घेतली, एकेक बाईट तिथं उतरवला आणि नंतरच पत्ता पुसला. याला डीप कॉपी म्हणतात, माझी आधीची ती शॅलो, म्हणजे वरवरची. मेमरी जास्त खाते, खाऊ दे... संध्याकाळपर्यंत टेस्ट चालली, एकही पॅकेट हरवलं नाही. मॅडम स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "सोमवारपासून तू कायम. आणि खुर्ची पण हीच."

बाहेर येऊन पहिला फोन काकाला लावला. म्हटलं, "काका, हिरीत पावडर टाकली, लय उपकार झाले तुमचे." त्याला वाटलं टोमणाच मारायलाय. म्हणाला, "बरं बाबा, पुढच्या खेपेला तुज्या आईला इचारून टाकीन."

मी काही खुलासा केला नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा पायरीवर नुसताच बसून राहिलो... कुठं जायची घाईच नव्हती.