कुंकवाच्या रंगाचे जंतू

सत्तरच्या दशकात, गेला गेला म्हणून सांगितलेला हिवताप सोलापुरात पुन्हा घरोघरी शिरला. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. लोक डास मारायचे, मी हिवतापाचे डास पाळून त्यांना साखरपाणी पाजायचे. पहिल्या अळ्या शुक्रवार पेठेतल्या आमच्याच घरच्या हौदातून नेल्या. सासूबाई म्हणाल्या, "न्हेतीस तर समद्याच ने की!"

मला एवढंच शोधायचं होतं : अळी पाण्यातले जंतू गिळते, ते तिचा डास झाल्यावरही पोटात उरतात का? आमची पुस्तकं सांगायची, कोषात जुनं पोट जातं, नवं येतं, जंतू संपतात. माझे संपत नव्हते. डास बाहेरून स्पिरिटनं धुवायचा, सुईनं पोट काढायचं, जंतू वाढवायच्या अगारच्या बशीत फिरवायचं. एकदोन दिवसांत बशीत लालभडक ठिपके उगवायचे. अळीत तेच, डासातही तेच. हे सिद्ध झालं असतं तर पीएच.डी.चा विषय माझा होता, आणि त्यापलीकडे मला आयुष्यात काही नको होतं.

विभागप्रमुखांना बशी दाखवली. त्यांनी बशीकडं कमी आणि माझ्या कपाळाकडं जास्त पाहिलं.

"अहो बाई, हे तुमच्या कुंकवातले जंतू. तुम्ही वाकता, ते झडतं. यात डासाचा काय संबंध?"

विभागातले बाकीचे सगळे फिदीफिदी हसले. सरांच्या स्वतःच्या कपाळावर ठसठशीत गंध होतं. ते झडत नसावं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण शंका काढली आहे तर ती फेडायलाच हवी, हेही सरांनीच शिकवलेलं. मी घरून मेणावर कुंकू लावून निघायची, प्रयोगशाळेच्या नळावर कपाळ खसाखसा धुवायची आणि मग डासांवर वाकायची. निघताना पर्समधल्या डबीतलं कुंकू पुन्हा लावायची. सवाष्णीनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं, पहिल्या दिवशी मी डोळे मिटून पुसलं. मग सवय झाली.

आठवड्यानं एका संध्याकाळी बशी उघडली. तेच लाल ठिपके! सर घरी गेले होते. बशी उद्या त्यांच्या नाकासमोर धरायची ठरवून मी जवळजवळ पळतच निघाले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. त्या आनंदात पर्समधली डबी राहूनच गेली.

सासूबाई दारातच होत्या. माझं कपाळ बघून त्या मटकन खाली बसल्या.

"अगं बया! माझं पोरगं जित्तं हाय की अजून! कुणाच्या नावानं पुसून आलीस गं?"

मी जंतू सांगितले, डास सांगितले, सरांची शंका सांगितली. त्या कपाळाला हात लावून रडत राहिल्या. हे ऑफिसातून आले, सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस."

मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. कशाचा उपयोग झाला नाही. आज आठवण येते तेव्हाही तोंड कडू होतं. ती बशी सरांनी पाहिली की धुवायला टाकली, मला कधीच कळलं नाही. डासाच्या पोटात जंतू टिकून राहतात, हे आता विज्ञानाच्या कुठल्याही मासिकात वाचायला मिळतं. मी वाचत नाही. घरच्या हौदात अळ्या होतच राहिल्या, आणि तो घासायचं काम माझ्याकडं आलं.

बऱ्याच वर्षांनी हे गेले. आळीतल्या बायकांनी माझं कुंकू पुसलं. सगळ्या रडत होत्या, मीही रडले. आणि त्याच घडीला मनात आलं, आता या कपाळानं डासांवर वाकायला कुणाची हरकत नाही. फक्त आता मला कुणी प्रयोगशाळेत उभं करणार नव्हतं.