थांबाबाई एकदाच थांबली नाही

तुम्ही हातानं भरवून वाढवलेल्या माणसानं तोंडावर सांगितलं, "या, काही धोका नाही," तर तुम्ही त्याच्याकडे पुरावा मागाल? नाही ना? मग थांबाबाईला बोल लावणाऱ्यांनी आधी स्वतःची जीभ आवरावी.

थांबाबाई म्हणजे आपल्या भागातल्या अँब्युलन्सवरची बाई. नाव पडलं ते सवयीवरून. कुठंही पोचली की तिचा पहिला शब्द "थांबा". गाडीच्या आरशाला तिनं कापडाची चिंधी बांधलेली. ती कुठं उडते ते बघायचं, वारा पाठीकडून येईल अशी गाडी लांब लावायची, आत काय सांडलंय ते विचारायचं, आणि मगच पाय खाली टाकायचा. लोक वैतागायचे. एकानं सुनावलं, "बाई, माणूस मेल्यावर आत जाणार का?" ही शांतपणे म्हणाली, "मी आत जाऊन आडवी पडले तर उचलाल का मला? वजन बघितलंय माझं?"

तिचा जोडीदार ड्रायव्हरकाका. माणूस सोन्यासारखा, पण उतावळा. दार उघडून धावायला लागला की ती मागून कॉलर धरायची. "काका, तुमच्या बायकोच्या शिव्या मला खायच्या नाहीत."

आता तिच्या दिराचं ऐका. ही लग्न होऊन आली तेव्हा तो शाळकरी, आई नसलेला. त्याचं दुखणंखुपणं, त्याचे डबे, सगळं हिनं केलं. मोठा होऊन तो टँकर धुण्याच्या आवारात सुपरवायझर झाला. रसायनाचे टँकर रिकामे झाले की तिथं आतून धुवायला येतात. प्रत्येक टँकरवर आत काय आहे ते सांगणारी पाटी असते. पण या आवारात टँकर फाटकातून आत आला की पाटी उलटी करतात. "माल उतरला, पाटी उतरली," असं हसत म्हणतात. शहाण्यांनो, तळाशी उरलेला माल काय पाटी बघून निघून जातो?

त्या दुपारी एक धुणारा टँकरच्या आत कोसळला. तळाशी उरलेल्या रसायनावर धुण्याचं ॲसिड ओतलं आणि विषारी गॅस उठला. अँब्युलन्स आली. बाईनं ती फाटकाबाहेरच उभी केली. टँकरची पाटी उलटी दिसत होती. दीर धावत खिडकीपाशी आला.

"भाऊजी, आत काय होतं?"

"पाणी, वहिनी. पाण्याचा टँकर आहे. सकाळपासून उपाशी होता तो, चक्कर आली."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

बाईनं कॉलर धरायला उचललेला हात खाली घेतला. काका टँकरवर चढला, झाकणात वाकला आणि तिथंच लुळा पडला.

मग ती थांबली. आत धावली असती तर तिसरी तीच आडवी पडली असती. तिनं गर्दी मागं रेटली, अग्निशमनवाल्यांना फोनवर "गॅस आहे, हवेची नळकांडी घेऊन या" म्हणून सांगितलं आणि उभी राहिली. लोक तिला भेकड म्हणाले. नळकांडी बांधलेल्या माणसांनी दोघांना काढलं. धुणारा गेला होता. काका वाचला, पण आज त्याला चपला घालतानाही धाप लागते.

चौकशी बसली. दिरानं सांगितलं, "मी वहिनींना गॅसचं बोललो होतो. त्यांनीच ड्रायव्हरला पुढं घातलं." झालं. बाईला कामावरून घरी बसवलं, आणि काकाच्या बायकोनं तिच्या तोंडावर दार लावलं.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी तिनं जेवताना विचारलं, "भाऊजी, असं का बोललात?"

"मालक म्हणाले होते, गॅसचं नाव काढलं तर आवाराला टाळं लागेल. माझी नोकरी जाईल, वहिनी. तुमच्यावर काय, नुसता ठपका येईल."

"नुसता?"

तो जेवत राहिला. वर म्हणाला, "मीठ द्या जरा." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ताटात बघत होता. मिठाचा डबा कोणीच पुढं केला नाही.

आता तिला कायमचं काढायचं घाटतंय. येत्या सोमवारी शेवटची सुनावणी आहे. तिच्या बाजूनं बोलायला काका आहे, पण त्याचं वाक्य पुरं होण्याआधी दम संपतो, आणि चौकशीचे साहेब म्हणतात, हा तर तिचाच जोडीदार. दिराचा शब्द मोडायचा तर तिसरा माणूस हवा.

तो फाटकाशी होता. एकटा नव्हता, घोळका होता. टायरवाला होता, चहाच्या टपरीवरची मंडळी होती, शेजारच्या गोदामातले हमाल होते. "पाण्याचा टँकर आहे" हे दीर ओरडूनच बोलला होता. मला खाजगीत तिघांनी सांगितलं, आणि तिघांनीही पुढं जोडलं, "पण माझं नाव नको."

नाव नको तर मग त्या बाईचं काय? पुढच्या खेपेला तुमचाच पोरगा कुठल्या टाकीत पडला, तर गाडीतून कोण उतरावं असं वाटतं तुम्हाला? त्या दिवशी फाटकाशी तुम्ही असाल, तर सोमवारी सुनावणीला या आणि कानांनी ऐकलंत तेवढं एक वाक्य तिथं मोठ्यानं बोला.