आ वासलेलं गाव

आष्टीला एसटीतून उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. पुढे मित्राच्या गावाला गाडी नव्हती, म्हणून तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणजे या मित्राला मनोमन शिव्या घालत चालू लागलो. ‘दुष्काळात आम्ही कसे जगतो ते बघायला ये,’ असं आमंत्रण त्याचंच होतं.

गावाजवळ आलो आणि थबकलो. विहिरीपासून लांब माळावर अख्खं गाव उकिडवं बसलं होतं. कानांत बोटं, आणि सगळ्यांनी आ वासलेला!

“बसा की, पाव्हणं! तोंड उगडा!” एक बाई ओरडली.

मी मुकाट्याने बसलो. विहिरीतून धडाम आवाज झाला आणि गावाची पहिली चव मी घेतली ती धुळीची.

“मिटा!” एका काटक म्हाताऱ्याने हुकूम सोडला. सगळी तोंडं एकदम मिटली.

हे गेनूतात्या. महायुद्धात तोफखान्यात भरती झालेले, दोन्ही कानांनी ठार बहिरे. विहीर खोल करायला सोसायटीने सुरुंगांचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. मित्राने माझा मुक्कामही त्यांच्याकडेच ठेवला होता. त्यांच्या बायकोने, सगुणाकाकूंनी, माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) वाढलं. पातळ होतं, पण मी दोनदा मागून घेतलं.

“नाशकाकडं शिकलो,” तात्या सांगू लागले. “जड तोफंला धा माणसं. नावानं हाक न्हाई, नंबर. एक पडला की दुसऱ्यानं त्येचं काम उचलायचं. तोफ येईस्तवर बाभळीच्या ओंडक्यावर कवायत! आन् बार व्हताना तोंड उगडं, न्हाईतर कान गेले.”

“मग तुमचे कसे गेले?” मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं. बोलणं ते ओठांवरून ओळखायचे.

“जांभई दिली. तोंड मिटलं, आन् तेवढ्यात बार झाला.”

काकू खुदकन हसल्या.

“आणि लढाई?”

“आमचं शिक्षण संपलं, आन् लढाई बी संपली,” तात्या म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मला उगीच विचारलं असं झालं.

दुसऱ्या दिवशी शेवटचे पाच बार होते. सुरुंगाची दारू तेवढीच उरली होती. पाणी लागलं नाही, तर जनावरं छावणीवर आणि माणसं ऊसतोडीला, गावाला कुलूप.

तात्या बार मोजायचे ते अनवाणी पायांनी, जमिनीच्या हादऱ्यावरून. बार उडाले. त्यातले दोन एकदमच. तात्यांच्या हिशेबी चारच! पाचवा उडेपर्यंत ‘मिटा’ म्हणणं शक्य नव्हतं.

आणि तेवढ्यात विहिरीतून खळखळ ऐकू आली. पाणी! कानांत बोटं असूनही सगळ्यांना ऐकू येत होतं, एका तात्यांना सोडून. हुकूम नाही, म्हणून गाव आ वासून, डोळ्यांनीच तात्यांना विनवत बसलेलं. माझेही जबडे दुखू लागले.

शेवटी सगुणाकाकू उठल्या.

“बस खाली! एक बार ऱ्हायलाय!” तात्या कडाडले.

काकूंनी ऐकलं नाही. विहिरीवर जाऊन बादली सोडली, शेंदली आणि परत येऊन तात्यांच्या पायांवर ओतली. तात्या गढूळ पाण्याकडे बघत राहिले.

“मिटा,” ते कसंबसं म्हणाले. पण तोंड कुणाचंच मिटेना. सगळे हसत होते. तात्या मात्र रडले, आणि खरं सांगतो, मीही.

परत निघालो तेव्हा तात्या आष्टीपर्यंत पोचवायला आले.

“कोन्या लढाईत व्हता, आसं इचारलं की मान खाली जायची,” ते म्हणाले. “आता सांगीन, घरच्या.”

लढायांचे किस्से मी पुष्कळ ऐकलेत. पण शेवटचा बार झाल्यावर सगळीच्या सगळी माणसं उठून घरी गेली, अशी लढाई पाहिली ती ही एकच.