जुन्या व्हिसाचं तिकीट

नोकरीचा राजीनामा दिला तेव्हा मला मुळीच भीती वाटली नव्हती. अमेरिकेतल्या त्या कंपनीत मी पार थकून गेले होते आणि लग्नही ठरलं होतं. मुलगा साताऱ्याचा, पण तिकडेच राहणारा, ग्रीन कार्डवाला. लग्न झालं की माझीही सोय होईल, असं आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. सामान त्याच्याकडे टाकून मी कुंडलला घरी आले. सांगलीच्या एका कार्यालयात लग्न लागलं.

नंतर देवदर्शनाला औंधला गेलो. यमाईच्या पायऱ्या चढताना नवरा सहज म्हणाला, "दोघांची तिकिटं काढलीत. तुझा व्हिसा अजून आहे ना?"

"तो नोकरीचा आहे. नोकरी कुठाय आता?"

"पासपोर्टवर तारीख आहे तोवर कोण विचारतंय? विचारलंच तर कामावर चाललेय म्हण."

काउंटरपलीकडचा गणवेशातला माणूस, माझं तोंड निरखत त्याने कंपनीला लावलेला फोन, सगळं तिथंच डोळ्यांपुढे आलं. वर जाऊन हात जोडले, पण देवीपाशी काय मागितलं ते आठवत नाही.

साताऱ्याला घरी पोचल्यावर मी हट्टच धरला, तेव्हा त्याने तिकडच्या एका वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खोटं सांगून आत शिरताना सापडल्या, तर कायमची बंदी येऊ शकते. तुम्ही रीतसर अर्ज करा. त्यांना भारतात थांबू द्या."

"किती दिवस?"

"दिवस नाही, वर्षं धरून चला. तुम्ही इथले नागरिक झालात तर लवकर होईल. आणि तुम्हीही तिथं फार राहू नका, तुमचंच कार्ड अडचणीत येईल."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "नव्या नवरीला मागे टाकून गेला म्हणतील लोक," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. नवरा माझ्याकडे बघेना. त्याने माझं तिकीट रद्द न करता तसंच ठेवलं होतं.

लग्नानंतरच्या परतणीला माहेरी गेले. वडील फौजेतून निवृत्त झालेले, उसाला पाणी पाजत होते. बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं.

"तुला जायाचं हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"हाय. पण लय भ्या वाटतंय."

"मग खोटं बोलून जाऊ नगंस. सरहद्दीवर आमी बी मानसाचं तोंड बगून वळखायचो. हितं तुला कोन बी बाहीर काडत न्हाई."

मी तिथूनच नवऱ्याला फोन केला. "मी येत नाही." तो म्हणाला, "मलाही भीती वाटतेय. तू इथं अडकून पडलीस तर?" त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एका बाजूला आलो.

तो एकटाच गेला. मी सांगलीत नोकरी धरली. पण भीती गेली नाही, तिचं रूप तेवढं बदललं. त्याचा फोन उशिरा आला की वाटायचं, हा कंटाळला. भावकीतल्या बाया विचारायच्या, "कवा जायाचं गं?" तिकडचे नियम बदलल्याची बातमी आली की मी ती पुन्हा पुन्हा वाचत बसे. तो सुट्टीला आला की जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंही जेवत नसू.

शेवटी तो तिथला नागरिक झाला आणि मला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला बोलावणं आलं. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, "नोकरी कधी सोडलीत? त्यानंतर परत अमेरिकेला का गेला नाहीत?"

"व्हिसा नोकरीचा होता," मी म्हणाले, "आणि नोकरी राहिली नव्हती."

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. बाहेर फुटपाथवर येऊन नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला, आणि मला रडूच फुटलं. काय झालं ते न कळून तो घाबरून विचारत राहिला, "नाही म्हणाले का? सांग ना, नाही म्हणाले का?"