अमेरिकेतल्या गावाचा दवाखाना

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे आखातात, खलिफा सिटीतल्या एका व्हिलात मला वाण म्हणून अमेरिकेतलं एक गाव मिळालं. तसा स्टीलचा डबाही होता, पण डब्यात तिळाच्या वड्यांखाली एक चकचकीत माहितीपत्रक होतं. वर गव्हाच्या शेताचा फोटो, आत एका इमारतीचं चित्र आणि मागच्या पानावर यजमानीणबाईंच्या भावाचा फोन नंबर. हे भाऊ अमेरिकेच्या गुंतवणूकदार व्हिसाचे एजंट. सवाष्णींची ओटी भरता भरता भावाचा धंदाही भरभराटीला लागावा, एवढीच त्या माउलीची इच्छा असणार.

पत्रक मी केरात टाकलं नाही, कारण घरात लेक होती. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि इथलं आमचं सगळं बिऱ्हाड नवऱ्याच्या नोकरीच्या खुंटीला टांगलेलं. नोकरी गेली की खलास, सामान बांधा. पुणं तिला सुट्टीपुरतं आवडतं. ती एकविसाची व्हायच्या आत अर्ज गेला तर आमच्याबरोबर तिलाही अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळणार होतं, आणि त्याला फार दिवस उरले नव्हते.

एजंट अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटवर आले. पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेल्यामुळे ते थेट समाजसेवेवरच आले.

"मॅडम, पूर्वी काय व्हायचं, सगळा पैसा मोठ्या शहरांतल्या टॉवरमध्ये जायचा. गावं बिचारी उपाशी. आता सिस्टीम रिफॉर्म झाली. जो गावात इन्व्हेस्ट करेल त्याची लाइन वेगळी, फाइल फास्ट. तुमचं काम पण होतं आणि गरिबांचं भलं पण."

"किती?" नवऱ्याने विचारलं. त्यांनी आकडा डॉलरमध्ये सांगितला. नवऱ्याने त्याचे मोठ्याने दिरहम केले, मग रुपये केले आणि मग पाणी मागितलं.

आमचं गाव होतं दवाखान्याचं. म्हणजे तिथे दवाखाना नव्हता, तो आमच्या पैशांतून बांधायचा होता. एजंट म्हणाले, तिथल्या बायकांना बाळंतपणासाठी चाळीस मैल जावं लागतं, वाटेत बर्फ असतो. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. नवरा म्हणाला, "तिचं मन फार हळवं आहे."

"आणि आम्ही तिथेच राहायचं?" मी डोळे पुसत विचारलं.

"छे छे मॅडम! राहा तुम्ही न्यू जर्सीत. गावात फक्त पैसे राहणार."

"दवाखाना नक्की होणार ना?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले. माणूस सांगलीकडचा, पण पंधरा वर्षांत इथला हा एक शब्द त्याने नीट आत्मसात केला होता.

महिनाभरात आमच्या सगळ्या ओळखीपाळखीत ग्रामोद्धाराची साथ पसरली. सुट्टीच्या दिवशी चार कुटुंबं मिसळ खायला जमली की बोलणं अमेरिकेतल्या खेड्यांवर यायचं. एकाच्या गावाला पशुखाद्याचा कारखाना मिळाला होता, एकाच्या गावाला हॉटेल. ज्यांना स्वतःच्या गावाचा तालुका आठवायला बायकोकडे बघावं लागायचं, त्यांना तिथून विमानतळ किती मैल हे तोंडपाठ. "हबीबी, तिकडच्या यंग जनरेशनला जॉब्ज नाहीत रे, शहरात पळतात," असं एकाने इतक्या कळवळ्याने सांगितलं की तो स्वतः कुठून पळाला हे विचारायचं राहूनच गेलं. इथे उंट आहेतच, वर बसून हाकायला आता अमेरिकेतल्या शेळ्याही मिळाल्या होत्या.

लेक ताटात फरसाण घेत म्हणाली, "बट मॉम, यू डोन्ट ईव्हन लाइक गोइंग टू आजोबाज व्हिलेज."

"तिकडे मच्छर फार आहेत," मी म्हणाले.

पुण्याचा फ्लॅट विकायचं ठरलं, नवऱ्याचा फंड मोजून झाला, आणि तरी थोडे कमी पडत होते. तेव्हा मला आमच्या गावचा रस्त्याकडेचा तुकडा आठवला. जमीन आईच्या नावावर होती. ती गेल्यावर सातबाऱ्यावर बाबा आणि मी. हायवे मोठा झाल्यापासून त्या तुकड्याला सोन्याचा भाव आला होता. अडचण एकच होती, बाबांनी तो दवाखान्याला द्यायचं ठरवलं होतं.

आमच्या गावाला सरकारी उपकेंद्र कधीचं मंजूर आहे. मी कॉलेजात होते तेव्हाही मंजूरच होतं. जागा नाही म्हणून बांधकाम अडलेलं. आई तालुक्याच्या वाटेवर, भाड्याच्या जीपमध्ये गेली, तेव्हापासून बाबांनी एकच धरून ठेवलं होतं. जागा आपण द्यायची आणि दारावर पाटी लावायची तिच्या नावाची. शाळामास्तर होते ते. पाटीवरची अक्षरं स्वतः काढणार होते.

त्यांना व्हिडिओ कॉल लावताना मला तोंड नव्हतं. म्हणून मी एजंटच्याच तोंडाने बोलले. गाव, गरिबी, बर्फ, चाळीस मैल, बाळंतिणी. लेकीचं नावही काढलं नाही. बाबा मोबाइल कानाला लावून ऐकत होते, त्यामुळे मला पडद्यावर फक्त त्यांचा कान दिसत होता.

"अमेरिकेत दवाखाना नाही?" त्यांनी विचारलं.

"त्या गावात नाही, बाबा."

"आणि मधे एसटी?"

"एसटी नसते तिकडे."

पडद्यावर दुसरा कान आला. मग ते म्हणाले, "मग त्यांची अडचण आपल्याहून मोठी आहे बाई. देऊन टाकू. पाटी तेवढी आईच्या नावाची लावा म्हणावं. मराठीत नको, त्यांना वाचता येईल अशी."

मला इतकी लाज वाटली की मी लगेच एजंटला फोन केला, लाज पुढे ढकलायला काहीतरी काम हवंच असतं.

"पाटी?" ते हसले. "मॅडम, हे डोनेशन थोडंच आहे? हे इन्व्हेस्टमेंट आहे. सगळ्यांचे पैसे एकत्र जातात. तुमचा पैसा कुठल्या भिंतीत गेला हे तिथल्या गवंड्याला पण सांगता येणार नाही. आणि बाय द वे, प्रोजेक्टमध्ये छोटा चेंज आहे. आधी सीनियर लिव्हिंग अपार्टमेंट्स होतील, क्लिनिक सेकंड फेजला."

"गावाला आधी दवाखाना हवा होता ना?"

"मॅडम, गाव तेच आहे. व्हिसाला गाव लागतं."

बाबांना मी सगळं सांगितलं. पाटीचं सांगितलं, अपार्टमेंटचं सांगितलं, आणि शेवटी लेकीचंही सांगितलं. या वेळी त्यांनी मोबाइल समोर धरला होता. आईच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले होते, आणि मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता.

"म्हणजे पोरीला पाठवायचंय," ते म्हणाले.

"हो."

"मग तेवढंच म्हणायचं होतंस. नातीसाठी मी एका बोलावर सही केली असती, आईनेही केली असती. मधे गावाचं नाव कशाला घेतलंस?"

सही त्यांनी केली.

त्या तुकड्यावर आता एक धाबा आहे. फोटोत दिसतो, रोषणाई चांगली आहे. उपकेंद्र शेजारच्या गावाने नेलं. आमची फाइल त्या वेगळ्या, फास्ट लाइनमध्ये उभी आहे, आणि लेक अजून अल बर्शातच, मेट्रोने कॉलेजला जाते.

दर रविवारी बाबांचा फोन येतो. लेकीची चौकशी होते, माझ्या गुडघ्याची होते आणि फोन ठेवायच्या आधी ते न चुकता विचारतात, "त्या गावच्या बायकांचा दवाखाना उघडला का गं?" चिडवायला विचारत असते तर मला बरं वाटलं असतं. पण बर्फ पडत असेल तिकडे, असंही ते म्हणतात.

"इन्शाल्ला, बाबा," मी म्हणते.

परवा त्यांनी त्याचा अर्थ विचारला. देवाच्या मनात असलं तर होईल, असा अर्थ आहे, असं मी सांगितलं.

"म्हणजे मंजूर आहे," बाबा म्हणाले.