आत्याच्या टेबलावरचं उघडं मशीन

शकूआत्या गेल्याचा फोन तिच्या मुलाचा, किशोरचा होता. "ताई, आई गेली," एवढंच बोलला. हर्सूलला तिच्या घरी पोहोचले तेव्हा दारात माणसं जमली होती, आणि रस्त्याकडच्या खोलीत तिच्या टेबलावर लाउडस्पीकरचं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, झाकण काढून ठेवलेलं होतं. त्याच्यावर काम करता करताच तिच्या छातीत कळ आली होती. काम पूर्ण झालं होतं की अर्धं राहिलं होतं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं...

लासूर स्टेशनहून मी कॉलेजसाठी आले ती आत्याकडेच. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी पदवीधर झाले ती तिच्या खोलीच्या कोपऱ्यात, सोल्डरिंगचा धूर नाकात घेत. आत्याचे यजमान वारल्यावर त्यांचं मशीन-दुरुस्तीचं काम तिनंच पुढं चालवलं होतं. फ्यूज उडाला की मंडपवाले त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून वेळ मारून न्यायचे आणि मशीन जळालं की तिच्याकडं यायचे. ती चांदी सोलताना आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "फ्यूज मेला तर त्याला कफन गुंडाळता व्हय रे? कशानं मेला ते तर बघा!"

दुरुस्त केलेलं मशीन ती थेट विजेवर लावत नसे. मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडायची. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर मशीन ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. तो मंदावेपर्यंत ती श्वास रोखून उभी राही, आणि किशोर नि मीही. त्यानंतरच झाकण लागायचं.

तेराव्यानंतर फुलंब्रीचे मंडपवाले आले. मशीन त्यांचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना लागणार होतं.

"दे बाबा. नवा फ्यूज टाकलेला दिसतोय की," ते किशोरला म्हणाले.

किशोरनं माझ्याकडं पाहिलं. "झालंच असंल ना, ताई?"

माझंही मन तेच म्हणत होतं. आत्याच्या हातचं शेवटचं काम अपुरं राहिलं, हे कुणाला मानवेल? पण झाकण उघडं होतं. "बल्ब लाव," मी म्हणाले.

किशोरनं बल्ब मध्ये जोडून बटण दाबलं. बल्ब पेटला... आम्ही वाट पाहत राहिलो. तो मंदावला नाही. भिंत, टेबल, तिचा चष्मा, सगळं त्या उजेडात लख्ख दिसत राहिलं. किशोरनं पिन ओढून काढली.

"एका दिवसाचा तर सवाल हाय. चांदी लावून घेतो मी," मंडपवाले म्हणाले.

"मांडवात पोरंबाळं असत्यात, काका. कापडानं पेट घेतला मंग?" किशोर म्हणाला.

"तुझी आई असती तर असं अडवलं नसतं."

"आई असती तर तुम्ही हे विचारलंच नसतं."

मंडपवाल्यांनी पायात चपला सरकवल्या. मग "बरं, तयार झालं की सांग," म्हणाले आणि दुसरं मशीन भाड्यानं बघायला गेले.

परवा गेले तर किशोर वाकून आतला एकेक ट्रान्झिस्टर सोडवून तपासत होता. मी शेजारी चहा ठेवला. त्यानं मान वर केली नाही. चहा गार झाला, साय धरली... आत्याचाही असाच व्हायचा.