टांडेवरचे नऊ टीव्ही

उदाजीराव मोहिते हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फेटा आणि मिशा उभ्या राहत. प्रत्यक्षात हा देवासच्या एका गिअर कारखान्यातला त्रेचाळीस वर्षांचा स्टोअरकीपर होता. जाड चष्मा, स्कूटी, डब्यात दोन पोळ्या नि बटाट्याची भाजी. कारखान्यात त्याला सगळे उदय भिया म्हणत. नाव पणजोबांचं होतं. ते दरबारात कुठल्याशा खात्यावर होते. पुढे खातं गेलं, दरबार गेला, घरात उरली ती नावं आणि बोलण्यातली अदब. आईला आईसाहेब म्हणायचं, आणि आई मुलालासुद्धा अहोजाहो करायची.

उदाजीला जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद होता. टीव्हीला वायर लावून, वर कॅसेट खोचून खेळायचे ते. धारला शाळेत असताना एका दुकानात तासाच्या हिशेबाने खेळायला मिळे. पण तिथे रांगच इतकी की याचा नंबर येईतो घरून बोलावणं यायचं. मोठेपणी हातात पगार आला तशी ते राहिलेले खेळ त्याने गोळा करायला घेतले.

या नादात मजा कमी आणि कटकट फार. सरदारपूरच्या एका माणसाने फोनवर सांगितलं, "एकदम चालू कंडिशन, भिया." हा रविवार घालवून गेला, घरी आणून स्क्रू काढले, तर आत सर्किटच नाही, उंदराने कापूस भरून संसार थाटलेला. कधी आत विसरलेले सेल फुटून पत्रा हिरवा पडायचा. वायरींचं रबर उन्हाळ्यात गुळासारखं चिकट व्हायचं. पांढरं प्लास्टिक कपाटात बंद ठेवलं तरी जुन्या दातांसारखं पिवळं पडायचं. एकच वस्तू त्याला मनासारखी मिळाली होती. धामनोदच्या ढाबेवाल्याच्या काचेच्या कपाटात, देवाच्या फोटोशेजारी, परदेशातून कुणी आणलेली एक करडी मशीन होती, मूळच्या झाकणासकट. तीन खेपा घातल्यावर ढाबेवाल्याने ती दिली.

शिवाय टीव्ही. बदकांना बंदुकीने टिपायचा जो खेळ असे, तो आताच्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. कितीही नेम धरा, बदक मरत नाही. त्याला पिक्चर ट्यूबचा जाड पाठीचाच टीव्ही लागतो. म्हणून कॉलनीत, ऑफिसात, नातेवाइकांत कुणी जुना टीव्ही टाकायला काढला की उदाजी तो उचलून आणायचा. एक बिघडला तर दुसरा असावा, असं करत करत नऊ झाले.

ठेवायचे कुठे? बायको वल्लरी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "आपल्या खोलीत यातला एकही डबा येणार नाही." राहिली आईसाहेबांची खोली. तिथे पलंगाच्या बरोबर वर टांड होती, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला सिमेंटची लांबलचक फळी. त्यावर आईसाहेबांच्या जादा गाद्या आणि दोन पितळी घागरी असत. उदाजीने गाद्या खाली काढल्या, घागरी गॅलरीत ठेवल्या आणि नऊ टीव्ही नि चार लोखंडी ट्रंका वर चढवल्या. आईसाहेबांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

पुढे एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "वरून काहीतरी भुकटी पडते हो. चादर रोज झटकावी लागते."

उदाजीने बघितलं. टांड भिंतीला मिळते तिथे केसाएवढी भेग होती. एका रविवारी त्याने त्यात पुट्टी भरली, वर रंग मारला. महिन्याने त्या पुन्हा तेच म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला, "तीस वर्षांचं घर आहे, आईसाहेब. प्लास्टर झडायचंच."

कारखान्यात त्याच्या ताब्यातल्या प्रत्येक रॅकवर किती किलो ठेवायचं याची पाटी होती. त्या पाट्या त्याने स्वतः रंगवलेल्या होत्या. कुणी एक पेटी जास्त ठेवली तर तो त्याचं नाव रजिस्टरात लिहायचा.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी, दुपारी दोन वाजून गेल्यावर, शेजारच्या धवलचा फोन आला. "भिया, जल्दी घर आओ. अम्मा वाले कमरे की टांड गिर गई." पुढे आरडाओरडा ऐकू आला आणि फोन कटला. उदाजीने परत लावला, धवलने उचलला नाही. दोन ते तीन ही आईसाहेबांची पडायची वेळ होती. घरातच काय, शेजारीपाजारीसुद्धा त्या वेळात कुणी बेल वाजवत नसे.

कारखान्यापासून घर बारा मिनिटांवर. दार उघडंच होतं, बाहेर सात-आठ माणसं. त्यांनी वाट दिली. खोलीत पांढरी धूळ अजून खाली बसत होती. टांड भिंतीतून उखडून सबंध पलंगावर आली होती. पलंगाचे उशाकडचे दोन्ही पाय मोडलेले, गादी मधोमध दबलेली, उशीच्या जागी एकवीस इंची टीव्ही तोंडावर पालथा पडलेला. काचा भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. दोन ट्रंका फुटून कॅसेटी जमिनीवर विखुरल्या होत्या.

उदाजी आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि ट्रंकेच्या वाकलेल्या झाकणाखालून त्याने करडी मशीन ओढून काढली. बाहीने पुसली. झाकण उघडमिट करून बघितलं. कानाशी धरून हलवली.

"वाचली," तो म्हणाला.

"हां भिया, बच गईं," मागून धवल म्हणाला. "आज नल दो बजे आ गया ना. पानी भर रही थीं."

उदाजीने मान वळवली. बाजूच्या, स्वयंपाकघराकडच्या दारात आईसाहेब उभ्या होत्या. लुगड्याचा काठ ओला, हातात भरलेली कळशी, केसांवर धूळ. धवल आणि बाकीची माणसं त्याच्या पाठीमागे होती, त्यांना त्याची पाठ दिसत होती. आईसाहेब बाजूच्या दाराशी होत्या. त्यांना त्याचे हात दिसत होते.

त्या कळशी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, ती ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी त्यांना धवलकडे चहाला नेलं.

उदाजी तिथेच बसून राहिला. लोकांना वाटलं, धसका घेतला. एकाने पाणी आणलं. पाणी पितानाच त्याच्या ध्यानात आलं की धवलने फोनवर आईसाहेबांचं काहीच सांगितलं नव्हतं. आपण घरी पोचेपर्यंत त्या जिवंत आहेत की नाहीत हे आपल्याला माहीत नव्हतं. आणि बारा मिनिटं, दोन सिग्नल आणि एक रेल्वे फाटक, आपण डोक्यात काय करत होतो? तर ट्रंका लावत होतो. भिंतीकडे कुठली, कडेला कुठली, धामनोदची मशीन मधल्या ट्रंकेत होती की कडेच्या.

संध्याकाळी धारहून थोरली बहीण राजनंदिनी गाडी घेऊन आली आणि आईसाहेबांना घेऊन गेली. निघताना त्या रोजच्यासारख्याच म्हणाल्या, "गॅस बंद करून निजा."

दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. धवलने कॉलनीभर सांगितलं होतं: मुलगा धावत आला, तोंडून शब्द फुटेना, आई वाचली एवढंच म्हणाला आणि जमिनीवर बसला. दूधवाला म्हणाला, "बेटा हो तो ऐसा." कारखान्यात मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून चार दिवस रजा घ्यायला सांगितली. वल्लरी त्याच्याशी कधी नव्हे इतकी मऊ वागायला लागली. तिने न मागता शिरा केला. "मी उगाच तुला एवढं बोलत आले," ती म्हणाली. "डबे आपल्या खोलीत आणू दिले असते तर..."

उदाजीने शिरा अर्धाच खाल्ला. खरं काय ते सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला.

रजा न घेता तो कामावर गेला. फुटलेल्या एका टीव्हीचं वजन त्याने कारखान्याच्या काट्यावर करून बघितलं, ट्रंकेचंही केलं, आणि बेरीज मांडली. पावणेचार क्विंटल. एवढं वजन त्याने लोखंडी रॅकवरसुद्धा चढवू दिलं नसतं. तो कागद हातात धरून दोन रॅकांच्या मधल्या गल्लीत उभा राहिला. फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवत होता ते त्याला ऐकू आलं नाही.

भाऊबिजेला उदाजी आणि वल्लरी धारला गेले. राजनंदिनीच्या घरी तिच्या सासरची दहा-बारा माणसं जमली होती. ओवाळून झालं, फराळाच्या बश्या फिरल्या, आणि तिच्या यजमानांनी ती हकीकत सगळ्यांना पुन्हा सांगायला घेतली. आईसाहेब दिवाणावर बसून नातीचा फ्रॉक शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"...और बस एक ही शब्द बोला. वाचली," यजमान म्हणाले.

कुणी "वा" म्हणालं. राजनंदिनीने डोळे पुसले. उदाजीच्या हातात चकली होती, ती त्याने बशीत ठेवली.

"आईसाहेब, मी ते मशीनला म्हणालो होतो."

यजमान हसले. त्यांना वाटलं, मेहुणे गंमत करताहेत. वल्लरी हसली नाही.

"काय म्हणतोयस?" ती म्हणाली.

"हातात मशीन होती. ती वाचली म्हणालो. आईसाहेबांचं माझ्या मनातच आलं नाही. रस्त्यातसुद्धा नाही."

बाहेर पोरं टिकल्या फोडत होती. राजनंदिनी एकदा भावाकडे, एकदा आईकडे बघत राहिली. "अरे, कुछ भी क्या बोलतोस उदा," ती शेवटी म्हणाली.

आईसाहेबांनी दोरा दातांनी तोडला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी समोरच होते."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? आणि कुणाला?" त्यांनी सुई गादीत खोचली. "कळशी फेकून मारावी असं आलं होतं मनात. पण नळ किती दिवसांनी आला होता." मग म्हणाल्या, "भुकटीचं मी तुम्हांला किती वेळा सांगितलं होतं?"

"दोन-तीन वेळा."

"सात वेळा."

उदाजी सातातल्या पहिल्या दोनांपलीकडे एकही आठवू शकला नाही. जे आठवतच नव्हतं त्याची क्षमा कशी मागायची, हे त्याला कळेना. तो उठला आणि त्यांच्या पायांशी जाऊन बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाय मागेही घेतले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून द्या. मला दिसत नाही."

परतीच्या वाटेवर घाटाबिल्लोद मागे पडलं. वल्लरी म्हणाली, "मी असते पलंगावर, तरी?" उदाजीने गाडी बाजूला घेऊन थांबवली. खूप वेळ विचार केला आणि म्हणाला, "माहीत नाही." हे उत्तर ऐकून तिला जो धक्का बसला तो दिवाळीनंतर बरेच दिवस घरात जाणवत होता. पण खोटं ऐकलं असतं तर आपण निघून गेलो असतो, असं तिने पुढे राजनंदिनीला सांगितलं.

उदाजीने मिस्त्री बोलावून घरातल्या बाकीच्या दोन्ही टांडा तोडून घेतल्या. फुटलेले पाच टीव्ही भंगारात गेले. दोन टीव्ही बदकांचा खेळ खेळणाऱ्या इंदूरच्या एका कॉलेजवाल्याला दिले. उरलेलं सगळं वल्लरीच्या परवानगीने त्यांच्याच खोलीत, जमिनीवर आलं. जमिनीवर मुंग्या येतात. आठवड्याला ट्रंका सरकवून मुंग्यांच्या खडूची रेघ ओढावी लागते, आणि तरी एका मशीनमध्ये अंडी सापडलीच. करडी मशीन चालू आहे. त्याने एकदा ती टीव्हीला जोडली, सुरुवातीचं संगीत वाजलं, आणि त्याने बटण बंद केलं.

आईसाहेब संक्रांत करून देवासला परतल्या. त्या खोलीत झोपायला त्यांनी नकार दिला, म्हणून पलंग हॉलमध्ये लागला. पडण्याआधी त्या छताकडे बघायच्या. रोज. उदाजी कामावर असला की त्याला ते दिसायचं नाही, पण रविवारी दिसायचं, आणि रविवारी दुपारी तो घरात थांबेनासा झाला.

शिवाय त्यांनी त्याला काही सांगणं बंद केलं. पूर्वी त्यांच्या तक्रारी संपत नसत: दाराची कडी लागत नाही, दूध पातळ आलं, पंखा आवाज करतो. आता जे असेल ते त्या वल्लरीला सांगायच्या. तो विचारायचा, "काही हवं का, आईसाहेब?" "काही नाही हो," त्या म्हणायच्या, अगदी गोड आवाजात.

होळीच्या आसपास एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता. आईसाहेब मोरीतून हात पुसत आल्या आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तोटी गळते. केव्हापासून टपटप चाललंय."

उदाजीने घास खाली ठेवला आणि पाना शोधायला उठला.

"अहो, जेवण तर करा," त्या म्हणाल्या.

पण तो मोरीत पोचला होता. त्याने उलटा आटा फिरवला, तोटीच हातात आली, आणि पाण्याचा फवारा थेट छाताडावर बसला. बाहेरून वल्लरीने मेन वॉल्व्ह बंद करेपर्यंत तो दोन्ही तळव्यांनी पाइप दाबून, डोळे मिटून तिथेच उभा होता. दारातून आईसाहेबांचा आवाज येत होता. प्लंबरला बोलवायचं सोडून हे काय, अक्कल गहाण टाकली आहे का, चष्मा तरी काढायचा होता. बऱ्याच महिन्यांनी त्या त्याच्यावर ओरडत होत्या, आणि तो ऐकत होता.